न्हाणी आणि संडास एक करताना: खर्चाच्या वहीतल्या नोंदी (देवपूर, धुळे)

सासूबाईंचं वय ७१. दोन्ही गुडघे गेलेत. भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं त्यांना होत नाही, आणि वॉकर त्या दोन फुटी दारातून आत जात नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंद माहेरी येते, त्याआधी काम संपवायचं ठरलं. मी शाळेत शिकवते. मार्चपासून सकाळची शाळा असते, त्यामुळे दुपारी बारानंतर मी कामावर हजर होते. रोजची नोंद वहीत केली, तीच इथे देते. ज्यांना जुन्या घरात हेच काम काढायचंय त्यांना आकडे उपयोगी पडतील.

२ मार्च २०२५, रविवार

मापं घेतली. संडास ३ बाय ५, शेजारची न्हाणी ५ बाय ५, मधे साडेचार इंची विटेची भिंत. ती काढली की ८ बाय ५ ची एकच खोली होते. न्हाणीला लागून आमची झोपायची खोली आहे. तिच्या भिंतीला तीन वर्षांपासून ओल आहे, जमिनीपासून साधारण दोन फुटांपर्यंत. दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा पावसाळ्याआधीच पोपडे धरले. आज त्या ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. काम झाल्यावर ताडून पाहता येईल.

यांनी आणि मी बसून अंदाज काढला. टाइल्स ९,०००. कमोड ७,५००. नळ, मिक्सर, शॉवर ८,०००. गवंडी २०,०००. प्लंबर आणि पाईप १४,०००. सिमेंट-वाळू ६,५००. दार ४,५००. वीज २,५००. किरकोळ ३,०००. एकूण ७५,०००. एप्रिलमध्ये भिशीचे २५,००० यायचेत, उरलेले साठवलेले आहेत. वही मिटताना अगदी निश्चिंत वाटलं.

५ मार्च

तीन गवंडी येऊन गेले. एकाने सामान सोडून सगळं ठोक ३२,००० सांगितलं. दुसरा रोजावर काम करणारा: गवंड्याचे ९००, बिगाऱ्याचे ५५०, दिवस किती लागतील ते सांगेना. तिसऱ्याने ठोक २०,००० सांगितले आणि त्याने केलेली दोन बाथरूम आम्हाला नेऊन दाखवली. दोन्हीकडे मी फरशीवर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, थेट जाळीकडे गेलं. त्यालाच काम दिलं.

चूक इथेच झाली. ‘ठोक’मध्ये काय काय आलं, हे कागदावर घेतलं नाही. फोडणं, राडारोडा उचलणं, वॉटरप्रूफिंग हे सगळं त्यातच असेल असं मी गृहीत धरलं. मिस्तरींनी मनात फक्त फोडणं, प्लास्टर आणि फरशी धरली होती. दोघांपैकी खोटं कोणीच बोललं नाही. विचारायचं मात्र मी होतं.

मधली भिंत काढण्याआधी ओळखीतल्या एका इंजिनिअरला बोलावलं. घर जुनं, त्यामुळे स्लॅबचा भार त्या भिंतीवर आहे का हे बघणं भाग होतं. गच्चीवर जाऊन, खालून ठोकून, बीम तपासून त्यांनी ‘काढा’ म्हटलं. फी १,०००. अंदाजात धरली नव्हती, पण या कामात सगळ्यात शांत मनाने दिलेले हजार रुपये हेच.

९ मार्च, रविवार

टाइल्स पाहायला गेलो. माल सगळा मोरबीचा, भाव दुकानागणिक वेगळे. भिंतीचा हिशेब असा केला: चारही बाजू मिळून २६ फूट, उंची ७ फूट, म्हणजे १८२ चौरस फूट. दार-खिडकीचे साधारण २१ वजा, राहिले १६१. १२ बाय १८ इंची टाइलच्या बॉक्समध्ये ६ नग, म्हणजे पावणेनऊ चौरस फूट. साडेअठरा बॉक्स लागतात, कापाकापीचे दहा टक्के धरून २१ घेतले. खाली १२ बाय १२ ची खरबरीत टाइल, ५ बॉक्स.

फरशीच्या टाइलचे तीन नमुने दुकानदाराकडून मागून घरी आणले. अंगणात ठेवून त्यांच्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि अनवाणी पायाचा अंगठा दाबून घासून पाहिला. दुकानात जी सर्वांत खरबरीत वाटत होती तीच साबणावर घसरली. तिची नक्षी उठावाची होती, पण वरचा थर गुळगुळीत. बारीक वाळूसारख्या पोताची घेतली.

बिल हातात आलं तेव्हा कळलं की सांगितलेला भाव जीएसटी सोडून होता. टाइल्सवर १८ टक्के. भिंतीचा बॉक्स ३१०, फरशीचा ३९०, आणि त्यावर कर. भाव विचारताना पहिला प्रश्न ‘कर धरून किती?’ हाच असायला हवा होता.

त्याच दुकानात कमोडवर सूट होती म्हणून तोही उचलला. एस ट्रॅपचा, म्हणजे तोंड खाली जमिनीत जाणारा. मैला कुठून बाहेर जाणार हे प्लंबरने बघण्याआधीच घेतला. पुढे भोगावं लागलं.

१२ मार्च

कामगार नाहीत. बिगारी सातपुड्यातले, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारासाठी आणि होळीसाठी गावी गेलेत. मिस्तरी म्हणाले, रंगपंचमीनंतर. हा त्यांचा वर्षाचा सण आहे आणि तो दरवर्षी येतो. तारीख ठरवताना तो मीच धरायला हवा होता. आठ दिवस गेले.

२० मार्च, गुरुवार

फोडायला सुरुवात. घरात दुसरं संडास नाही, ही गोष्ट अंदाजात कुठेच नव्हती! आम्ही शेजारच्या काकूंकडे जातो, पण सासूबाईंना ते जमणार नाही. त्यांच्यासाठी कमोडची खुर्ची आणली, १,९००.

मधली भिंत दुपारपर्यंत गेली. शहाबादी फरशी निघाली. संध्याकाळी मागच्या गल्लीत हा ढीग. मिस्तरी म्हणाले, “ताई, हे उचलायचं आपल्यात नाही धरलेलं.” ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या लागल्या, १,५०० ची एक. गल्लीत ट्रॅक्टर शिरत नाही, त्यामुळे रस्त्यापर्यंत घमेल्याने वाहून न्यायला दोन बिगारी एक दिवस, १,१००. एकूण ४,१००.

२२ मार्च, शनिवार

आजची नोंद मोठी आहे, कारण पैसा इथेच गेला.

संडासाच्या भांड्याखालचा कोबा फोडल्यावर बिगाऱ्याची पहार एकदम हातभर आत गेली. खाली पोकळ होतं. जुना भाजक्या मातीचा पाईप तीन ठिकाणी तडकलेला, सांध्यातून बारीक मुळं आत शिरलेली. आमच्याकडची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि असा ताठ पाईप त्या हालचालीत कुठेतरी तुटतोच. सांध्यातून पाणी झिरपत राहिलं, माती धुऊन गेली, आणि तेच पाणी आमच्या खोलीच्या भिंतीत चढलं. तीन वर्षं आम्ही रंगवत होतो ती ओल इथली होती.

सासूबाई वॉकर धरून दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खड्डा पाहिला, आमच्याकडे पाहिलं. मी तेव्हा यांच्याशी वॉश बेसिनच्या रंगाबद्दल बोलत होते. त्या म्हणाल्या, “पानी कथा जाई राह्यनं, ते पहिले देख.” म्हणजे, पाणी कुठे जातंय ते आधी बघ.

रात्री वहीत नवं पान घेतलं. रंगाचा, नळांचा विषय बंद. जमिनीखालचं जे लागेल ते आधी, उरेल त्यात वरचं.

२३ ते २५ मार्च

जुना पाईप पूर्ण काढला. चर खणून तळाला मुरूम टाकून ठोकला, त्यावर ११० मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा) पाईप, वर पुन्हा मुरूम. काढलेली काळी माती परत भरायला बिगारी निघाला होता, मिस्तरींनी थांबवलं. तीच भरली असती तर दोन पावसाळ्यांत पुन्हा हीच गोष्ट. मागच्या भिंतीबाहेर नवं चेंबर बांधलं.

खर्च: पाईप आणि जोडण्या २,९००, चेंबर ३,६००, झाकण १,०००, मुरूम २,२००. एकूण ९,७००. शिवाय ठोकच्या बाहेरचे तीन रोज, गवंडी आणि एक बिगारी मिळून दिवसाचे १,४५०, म्हणजे ४,३५०.

पैसे कुठून आणायचे? पावसासारखा पडणारा मोठा शॉवर, काचेचं कपाट, बेसिनखालची लाकडी पेटी हे सगळं खोडलं. नळ साधे पण पितळी बॉडीचे घ्यायचे. बोअरच्या पाण्याचा क्षार असा की शॉवरची बारीक भोकं वर्षभरात बुजतात, त्यामुळे त्याची हळहळ वाटली नाही.

२६ मार्च

प्लंबर आला. चेंबर मागच्या भिंतीला लागूनच आहे, तर कमोडचं तोंड भिंतीतून थेट बाहेर काढा, जमिनीत सांधा ठेवूच नका, असं त्याचं म्हणणं. पटलं. पण त्याला पी ट्रॅप लागतो आणि आमच्याकडे एस ट्रॅपचा डबा फोडून ठेवलेला. दुकानदाराने बदलून दिला, डबा फोडल्याचे ६०० कापून. टेम्पोचे ३०० वेगळे. ९०० रुपये नुसत्या घाईचे.

भिंतीला भोक पाडण्याआधी एक काम केलं, ते सगळ्यांनी करावं. सासूबाईंना पाटावर पाट रचून बसवलं आणि एकेक पाट वाढवत गेलो, आधाराशिवाय त्या कोणत्या उंचीवरून उठतात ते पाहायला. १५ इंचावर हात लागत होते. साडेसतरावर त्या गुडघ्यावर हात न टेकता उठल्या. नवा कमोड सीट धरून १६ इंच. म्हणून त्याच्याखाली दीड इंचाचा ओटा करायचं ठरलं, आणि भिंतीतलं भोकही तेवढंच वर घेतलं. भोक आधी पाडलं असतं तर हा दीड इंच मिळाला नसता.

२८ मार्च

गरम-थंड दोन्हीला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप. पाईप बुजवण्याआधी हातपंपाने पाण्याचा दाब देऊन दाबमापकाचा काटा रात्रभर तसाच ठेवायला सांगितलं. प्लंबर म्हणाला गरज नाही, मी अडून बसले. सकाळी काटा निम्म्यावर. मिक्सरमागचा एक एल्बो पाझरत होता, सोल्युशन नीट लागलेलं नव्हतं. कापून नवा बसवला, दुसऱ्या रात्री काटा हलला नाही. टाइलमागे हे सापडलं असतं तर भिंत पुन्हा फोडावी लागली असती.

भिंत उघडी आहे तोवर आधाराच्या दांड्यांच्या जागा खुणावल्या आणि तिथल्या विटा काढून काँक्रीट भरलं. नुसत्या साडेचार इंची विटेत माणसाचं वजन पेलणारा बोल्ट धरत नाही.

१ एप्रिल

वॉटरप्रूफिंग. हा खर्च अंदाजात शून्य होता. साहित्य ३,४००. जमिनीवर पूर्ण, भिंतींना एक फूट, आंघोळीच्या बाजूला सहा फुटांपर्यंत.

मिस्तरी सकाळी दुसऱ्या साइटवर गेले आणि इथे दुपारी दोनला आले. पारा चाळिशी पार. पत्र्याच्या खिडकीतून झळ आत येत होती. कोरड्या ठणठणीत प्लास्टरवर वॉटरप्रूफिंगचा हात दिला, संध्याकाळी पाहते तर सगळीकडे केसासारख्या भेगा. भिंतीने ओलावा ओढून घेतला आणि थर जिरायच्या आत सुकला. मिस्तरींनी चूक कबूल केली. मजुरी त्यांनी सोडली, साहित्य मी आणलं, आणखी १,७००. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भिंत भिजवून, पाणी निथळल्यावर, खिडकीला ओलं गोणपाट बांधून पहिला हात दिला. तो सुकल्यावर आडवा दुसरा. एकही भेग नाही. खानदेशात एप्रिलमध्ये हे काम सकाळी नऊच्या आतच उरकावं.

४ ते ८ एप्रिल: पाणी भरून पाहणं

न्हाणी ट्रॅपला (जाळीखालच्या, पाणी जायच्या भांड्याला) बूच मारलं, दारात विटेची पाळ घातली, दोन इंच पाणी भरलं. ८ बाय ५ ला साधारण १९० लिटर लागतं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, टँकर मागवला, ७००.

भिंतीवर पेन्सिलने पाण्याची पातळी आखली. पण या उन्हात पाणी उडूनही जातं, मग गळती आणि वाफ वेगळी कशी कळणार? त्याच खोलीत पाण्याने भरलेलं घमेलं ठेवलं आणि त्याच्या आतल्या बाजूलाही खूण केली. ४८ तासांनी घमेल्यातलं पाणी ५ मिमी उतरलं होतं, जमिनीवरचं १४. म्हणजे ९ मिमी पाणी कुठेतरी जात होतं.

पाणी काढलं. ट्रॅपच्या गळ्याभोवती, कोबा आणि प्लास्टिक जिथे भेटतं तिथे, बोटाने दाबल्यावर ओलसर लागत होतं. तेवढा भाग खरवडून पॉलिमर मिसळलेला मसाला भरला, वर जाळी लावून दोन हात दिले. पुन्हा पाणी, पुन्हा टँकर, पुन्हा ४८ तास. या वेळी दोन्हीकडे ५ मिमी. चार दिवस गेले, रुपये गेले, पण त्या दोन खुणा सारख्या दिसल्यावर मला तीन वर्षांत पहिल्यांदा त्या भिंतीची काळजी वाटली नाही.

१० ते १७ एप्रिल

डॅडो (भिंतीच्या टाइल्स) झाला, मग फरशी. उतार आठ फुटांत सव्वा इंच ठरला होता. फरशी बसवून झाल्यावर पाणी ओतलं तर गीझरच्या खालच्या कोपऱ्यात ताटाएवढं डबकं साचलं. मिस्तरी म्हणाले, पुसून घेतलं की झालं. पण तिथूनच सासूबाईंचा रस्ता. मसाला ओला होता तोवर आठ टाइल्स उचलल्या, दोन फुटल्या. जादा बॉक्समधून भागलं.

भिंतीचा मात्र एक बॉक्स कमी पडला, कारण साबण ठेवायचा कोनाडा हिशेबात नव्हता. नव्या बॉक्सवरचा शेड नंबर वेगळा निघाला, रंग किंचित पिवळट. त्या टाइल्स दारामागे लावल्या. शेड नंबर पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवावा आणि एक बॉक्स जास्तच घ्यावा.

सांध्यांना एपॉक्सी ग्राऊट, २,४००. साधं सिमेंटचं ग्राऊट चौथ्या हिश्शात झालं असतं, पण या क्षाराच्या पाण्यात ते सहा महिन्यांत पिवळं पडतं आणि मग ब्रशने घासताना निघत जातं.

२२ एप्रिल

दार आलं. दोन फुटांऐवजी अडीच फूट, आणि बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार अंगानेच अडतं, आणि बाहेरचा माणूस काही करू शकत नाही. चौकट पाण्याने न फुगणारी घेतली, म्हणून ६,३००. उंबरठा चार इंचांवरून पाऊण इंचावर आणला, तोही उतरता.

आधाराच्या तीन दांड्या, ८५० ची एक. टाइलला भोक पाडताना काचेला भोक पाडायचं बीट लावून, ड्रिलचा हातोडा बंद ठेवून, वरून पाण्याचा थेंब सोडत पाडलं. एकही टाइल तडकली नाही.

२७ एप्रिल, रविवार

सगळा हिशेब लावला.

टाइल्स कर आणि भाड्यासह १०,९५०. कमोड ८,४००. नळ ६,२००, यात १,८०० वाचले. गवंडी जादा रोज धरून २४,३५०. प्लंबर आणि पाईप १४,८००. सिमेंट-वाळू ७,३००. दार ६,३००. वीज ३,२००.

आता वहीत ज्यांचं नावच नव्हतं ते: जमिनीखालचं ९,७००, वॉटरप्रूफिंग ५,१००, राडारोडा ४,१००, दांड्या २,५५०, ग्राऊट २,४००, चहा-नाश्ता २,२६०, कमोडची खुर्ची १,९००, टँकर १,४००, इंजिनिअर १,०००. हेच ३०,४१० झाले, आणि त्यांच्यासाठी ‘किरकोळ’ म्हणून धरलेले होते ३,०००.

एकूण १,११,९१०. अंदाजापेक्षा ३६,९१० जास्त. भिशीचे आले ते सगळे गेले, वरचे पतपेढीतून काढले.

आता पुन्हा कोणी विचारलं तर मी आधी फक्त फोडायचे पैसे बाजूला काढायला सांगेन. फोडा, खाली काय आहे ते बघा, आणि मग बाकीचा अंदाज मांडा. टाइल, कमोड, नळ काहीही त्याआधी घेऊ नका. गवंड्याकडून चार ओळी लिहून घ्या: फोडणं कोणाचं, राडारोडा कोणाचा, वॉटरप्रूफिंग कोणाचं, चूक झाली तर साहित्य कोणाचं.

३० एप्रिल, आखाजी

नणंद सकाळीच आली. अंगणात खापरावर मांडे चालले होते. सासूबाई कोणालाही हाक न मारता उठल्या, वॉकर घेऊन आत गेल्या, दार लोटून घेतलं. आम्ही दोघी बाहेर उगाच कामात असल्यासारख्या उभ्या होतो. बादलीचा आवाज आला, मग पाण्याचा. बाहेर आल्यावर पदराने हात पुसत एवढंच म्हणाल्या, “बरं व्हयनं.”

१८ मे, रविवार

मिस्तरींचे २,००० राखून ठेवले होते, भिंत पाहून देईन या बोलीवर. आज मोजलं. खोलीतली ओल २ मार्चच्या रेघेच्या सात इंच आत सरकली आहे, वरचा भाग हाताला कोरडा लागतो. मिस्तरींना बोलावून ती रेघ दाखवली आणि पैसे दिले. रंग पावसाळा गेल्यावर, दिवाळीच्या आधी.